चौथा तुकडा

प्रेमाच्या कादंबऱ्यांना नाकं मुरडणारे शहाणे पंख्याखाली बसलेले असतात. पुढचं बोलणं मी नागापूरच्या स्टॉपवर, भर मे महिन्याच्या उन्हात ऐकलं. कारखान्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या दोघी रिक्षाची वाट बघत होत्या, एक अंजुम आणि दुसरी तिची राहीमावशी.

“मावशी, कादंबरीचा तिसरा तुकडा संपला! हिरो समुद्रावर आला, अन् तिला विचारलं की लग्न करशील का!”

“मग?”

“मग काय, तिथंच पुस्तक फाडलंय आपण! चौघींत एक घ्यायचं अन् फाडून वाटायचं, तुमचीच अक्कल. आता चौथा तुकडा द्या.”

“तो घरी हाय. सून वाचतीय. दूध उतू गेलं तरी खाली ठेवंना.”

“मग तोंडी सांगा! काय म्हणाली ती?”

“तोंडी सांगून समुद्राचं गार वारं लागतं व्हय? मला तर वाचताना पदर सावरावा लागला, येवढं वारं!”

“मावशी, उद्या सोलापूरचे पाहुणे येणारेत मला बघायला. आजच वाचायचंय.”

“अगं बाई! अन् ती व्हय म्हनली असली, तर तू बी म्हनशील?”

“तिला तो समुद्रावर विचारतोय. मला कोण विचारणार? अब्बूंना विचारतील.”

“मग करशील काय?”

“कुणी न विचारताच नाही म्हणणार, सगळ्यांसमोर! ए रिक्षा! सावेडी! चढा मावशी, आधी तुमच्या घरी.”