बंद पडलेली बर्फाची मशिनं

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे, आणि आम्ही चार भावंडं त्यांच्या हातात पाने-पक्कड देत देतच मोठी झालो. डिप्लोमा केला, भोसरीला टूलरूमला लागलो, मग सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या भावानं कागदपत्रं केली आणि आम्ही इकडं आलो, न्यूयॉर्क स्टेटला, पण तुम्ही फोटोत बघता ते न्यूयॉर्क नाही, हे वरचं, मोठ्या तळ्याकाठचं, जिथं नोव्हेंबरला बर्फ सुरू झाला की एप्रिलपर्यंत पिच्छा सोडत नाही. लोकांना वाटतं अमेरिकेतला मराठी माणूस म्हणजे कॉम्प्युटर. मी बत्तीस वर्षं लेथवर काढली. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारायचं, काका तुम्ही कुठल्या कंपनीत, मी सांगायचो, आणि ते हसून दुसऱ्या कोणाकडं वळायचे. असो.

सुनंदा शाळेच्या किचनमध्ये काम करायची. तिला थंडीचं काही वाटायचं नाही, मलाच थंडी वाजायची. आमच्याकडं बर्फ उडवायचं एक छोटं मशीन होतं, सिंगल स्टेज म्हणतात त्याला, पुढं रबराची पाती फिरतात, तीच बर्फ खरवडतात आणि तीच धुराड्यासारख्या नळीतून लांब फेकतात, एवढंच, साधं असतं. एका वर्षी पहिलाच मोठा बर्फ पडला आणि सकाळी मी इंजिन चालू करायची दोरी ओढतोय, ओढतोय, मशीन चालू होईना. मला शिफ्टला जायचं होतं. मी म्हणलं, राहू दे, आज सुट्टी घे, संध्याकाळी आल्यावर बघतो. ती म्हणाली, बरं. मी माझी गाडी कशीबशी बाहेर काढली आणि गेलो.

तिनं सुट्टी घेतली नाही. फावडं घेतलं आणि ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साफ करायला लागली. रस्त्याच्या तोंडाशी पालिकेचा ट्रक बर्फाचा बांध घालून जातो ना, तो दगडासारखा असतो, तिथंच ती पडली. समोरच्या बार्बरानं खिडकीतून बघितलं, तिनंच अँब्युलन्स बोलावली. दोन दिवस होती हॉस्पिटलात, मग गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट आधीपासूनच वीक असणार, हे कधी ना कधी झालंच असतं. निखिल, माझा मुलगा, तिकडं कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असतो, तिथून आला, तोही तेच म्हणाला, बाबा, इट वॉज नॉट युवर फॉल्ट. सगळे तेच म्हणाले.

दिवस झाले, निखिल गेला, मग एके दुपारी मी गॅरेजात जाऊन ते मशीन उघडलं. काय सांगू तुम्हाला. उन्हाळाभर टाकीत गॅस, इकडं पेट्रोलला गॅसच म्हणतात, तसाच ठेवलेला, मीच ठेवलेला, तो सडून कार्बोरेटरमध्ये हिरवा चिकटा झाला होता, आणि आतलं गॅस जायचं भोक, सुईच्या टोकाएवढं, ते बुजलं होतं. मी बारीक तार घातली, साफ केलं, नवा गॅस टाकला, दुसऱ्या ओढीला चालू झालं. वीस मिनिटांचं काम. मी टूलरूमचा माणूस, लोकांची मशिनं दुरुस्त करून दिलेली. मी तिथंच खाली बसलो.

तेव्हापासून हे लागलं. वसंतात लोक अशी मशिनं रस्त्याच्या कडेला ठेवतात, वर चिठ्ठी, चालत नाही, घेऊन जा. मी उचलून आणतो. सगळी नाही आणत हं, आधी दोरी हळूच ओढून बघायची, हाताला चांगला विरोध लागला पाहिजे, लोण्यासारखी आली तर इंजिनात दम नाही, ते सोडून द्यायचं. पाती झिजली असली तर चालतं, पट्टा तुटला असला तरी चालतं, ते बदलता येतं, पण खालचा पत्रा गंजून चाळण झाला असला तर हात लावायचा नाही. आणि जुनं मशीन विकत घ्यायला कोणाच्या घरी गेलात तर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी त्यानं चालू करून ठेवलंय, थंड असताना चालू होत नसणार. हे तुम्ही लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुरुस्त केलेली मी एकट्या राहणाऱ्यांना देतो. पहिलं बार्बरालाच दिलं. ती पण एकटीच. देताना एकच सांगतो, बर्फ संपला की टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आणि एप्रिलमध्ये मी फोन करतो, केली का रिकामी? चौदा जणांना. वर्षातलं माझं बोलणं म्हणाल तर बरंचसं तेच. कोणी दोन मिनिटं बोलतं, कोणी येस येस करून ठेवून देतं, एक जण तर म्हणाला, तुला दुसरं काम नाही का रे बाबा. खरंच नाही.

बार्बराचं तेवढं निराळं होतं. ती फोनवर सुनंदाचं नाव काढायची. पडताना सुनंदाला तिनंच बघितलेलं ना. एकदा मी धीर करून विचारलं, ती पडायच्या आधी काय करत होती? बार्बरा म्हणाली, फावड्यावर टेकून उभी होती, मी खिडकीतून हात केला, तिनंही केला, हसली. एवढंच. मी सात वर्षं विचारलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात बार्बराची मुलगी दारात आली. म्हणाली, मॉम सप्टेंबरमध्ये गेली, टेक्सासला माझ्याकडं होती, घर विकतोय, तुमचं मशीन न्यायचं तर न्या. मी रस्ता ओलांडून घेऊन आलो. झाकण काढून बघितलं, टाकी कोरडी ठणठणीत. वर तिनं पेनानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली, रिकामी केली, पुढं एप्रिलमधली तारीख. मी फोन केला त्याच्या आदल्या दिवशीची. म्हणजे मी विचारायच्या आधीच केली होती, आणि फोनवर मात्र मला सगळं पहिल्यापासून सांगू दिलं होतं.

निखिल म्हणतो इकडं या, इकडं बर्फच नाही. गेलो होतो दोन महिने. नातवंडं गोड आहेत, हाय आजोबा म्हणतात आणि आपल्या खोलीत जातात. परत आलो. आता खांदा दुखतो, यंदा दोनच मशिनं केली. समोरच्या घरात नवीन जोडपं आलंय, त्यांच्या खिडकीला जाड पडदे आहेत. अजून ओळख झाली नाही, जाईन एकदा. तुम्ही लांबून आलात, बरं वाटलं. पोहे केलेत, मिरची कमी घातलीय, खाऊनच निघा, रस्ते आत्ता साफ आहेत. सुखी राहा.