पिल्लाचं वजन

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर मांजरीचं पिल्लू, लेकीच्या मांडीवर लॅपटॉप.

"अजून रुसलंय का तुझं ते फुकट वाटायचं सॉफ्टवेअर?"

"गणिताचं म्हण गं. त्यातलं मी लिहिलेलं फंक्शन मोठ्या आकड्याला शून्य उत्तर देतंय. आज सुधारलं नाही तर नव्या आवृत्तीत घेणार नाहीत."

"शून्य कसं काय?"

"दोन अगडबंब संख्यांची वजाबाकी होते, त्यात चिमुकलं उत्तर गडप. काल तू पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर चढलीस, मग एकटी चढलीस. फरक किती आला?"

"काहीच नाही. माझं वजन तेवढं घरभर कळलं."

"तसंच हे. थांब, मोठ्या आकड्यांपुरतं वजाबाकीच नसलेलं सूत्र लावते. आलं बघ उत्तर."

तेवढ्यात नर्सबाई आल्या.

"पिल्लाला घेऊन जरा काट्यावर उभ्या राहता का?"

"नको हो. आमच्याकडे आजपासून वजाबाकी बंद."