आयोगाच्या बाई आणि ताबी बुलेंचं डुक्कर

मी, लेसाले कालताबाऊ, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त मुख्याध्यापिका व काल सकाळपर्यंत राष्ट्रीय निवडणूक आयोगाची सदस्य, राहणार धक्क्यामागची वस्ती, शेजारी ताबी बुले यांच्या तक्रारीवरून ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की,

आयोगावर आम्ही तिघे सदस्य. मला नेमताना मंत्र्यांनी माझ्या शांत स्वभावाचे फार कौतुक केले होते. त्याचा अर्थ मला या महिन्यात समजला. मुख्याध्यापिकेच्या मानाने आकलन कमीच.

तोराई बेटावरचे मतदान केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. तिथले लोक मंत्र्यांना मत देत नाहीत. केंद्र गेले तर त्यांना होडीने खुला समुद्र ओलांडून यावे लागेल. एक सदस्य बाजूने, एक विरोधात. मी विरोधात जाणार, असे बोलून बसले. लगेच माझ्या जागी मंत्र्यांचे मेहुणे नेमल्याचे कानावर आले. मात्र आदेश हातात पडेपर्यंत जुना सदस्य कायम राहतो.

काल सकाळी बैठकीला निघताना सरकारी शिपाई कालमेट लिफाफा घेऊन फाटकाकडे येताना दिसला. तो माझा विद्यार्थी. संकटाला ताठ मानेने सामोरे जावे, असे मी त्याच्या वर्गाला शिकवले आहे. मी मागच्या कुंपणावरून ताबींच्या डुकराच्या गोठ्यात उडी मारली. उडी म्हणजे पडले.

ताबींची बायको माबोन तिथेच होती. ती म्हणाली, "बाई, अहो, आत काय करताय?"

मी म्हटले, "देशाचं काम."

"मग पाय आत घ्या. दिसतायत."

कालमेट कुंपणाशी आला. "बाई आहेत का गं?"

"नाहीत."

"बरं. मी आधी निवांत चहा पितो. मग बैठकीच्या जागी बघतो," असे तो जरा मोठ्यानेच म्हणाला.

माझा झगा लाल फुलांचा होता. तरी कालमेटने मला पाहिले नाही. असेच लिहावे.

तो गेल्यावर मी धावत निघाले. गोठ्याचे दार लावायचे राहिले. बैठकीत दोन्ही सदस्य खिडकीजवळ सरकून बसले. मी मत दिले. तोराईचे केंद्र राहिले. त्यानंतर कालमेट आला. मी आदेश घेतला व सही केली.

परतले तेव्हा डुक्कर धक्क्याच्या भिंतीशी सापडले होते. त्याचा गोल वळलेला सुळा तुटला होता. तो सुळा ताबींनी मुलाच्या मानाच्या विधीसाठी वर्षानुवर्षे वाढवला होता. डुकराला ते हाताने भरवत. मी माफी मागितली. ताबी बराच वेळ डुकराच्या तोंडावरून हात फिरवत राहिले.

ताबी मूळ तोराईचे. त्यांची आई अजून तिथेच असते. आज इथे येताना ते वाटेत म्हणाले, "बाई, म्हातारी मत देईल, तुमचे उपकार आहेत. पण तक्रार मी मागे घेणार नाही."

"घेऊ नका," मी म्हटले.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. बाहेर बाकावर बसलेल्या ताबींनाही तो ऐकू गेला. तो मी सांगितल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.