पत्र्यांआधीच्या भिंती

दवलत : नाही बीबी, मदतवाल्यांचा नियम स्पष्ट आहे. भिंती उभ्या असतील त्याच घराला पत्रे. गुरुवारी ट्रक येईल, आणि जाईल.

सदबर्ग बीबी : आणि जिच्या भिंतीच लढाईत पाडल्या, तिनं पत्रे डोक्यावर धरून बसायचं?

दवलत : नियम मी नाही केला. समितीचा प्रमुख म्हणून मी फक्त यादी देतो.

सदबर्ग बीबी : मग यादीत सबोहतचं नाव घाल.

दवलत : भिंती कुठायत? अफगाणिस्तानातून परतल्यापासून दोन मुलींना घेऊन ताडपत्रीखाली राहतेय.

सदबर्ग बीबी : बर्फ पंधरा दिवसांवर आलं. हशर बोलाव. सगळ्या गावानं हात लावला तर चार दिवसांत खोली उभी राहते. तुझी तर तीनच दिवसांत झाली. निम्मे पुलावासाठी आले होते.

दवलत : तेच तर. हशराला आलेल्यांना घरधनीण जेवू घालते. तिच्याकडे मूठभर पीठ नाही.

सदबर्ग बीबी : माझ्या वाट्याचं परदेशी तेल आणि तांदूळ अजून फोडलेले नाहीत. कढई तिच्या अंगणात चढेल. वाढेल तीच.

दवलत : माणसं जेवणासाठी अडलेली नाहीत, बीबी. तिचा नवरा लढाईत समोरच्या बाजूचा. खिंडीत तुमच्या मुलावर, नजरवर गोळ्या झाडणारे त्याचेच सोबती. तुमच्याकडे बघूनच तिच्या दारी कुणी जात नाही.

सदबर्ग बीबी : दोन मुलींनी कुडकुडावं, म्हणजे माझा मान राहील, असं मी कुणाला सांगितलं होतं?

दवलत : सांगितलं नाहीत. पण तिच्या सलामाला उत्तरही दिलं नाहीत.

(बीबी चहाचा पेला खाली ठेवते.)

सदबर्ग बीबी : नाही दिलं. ते माझं मी बघेन. तू माणसं आण.

दवलत : आणली समजा. पण विटा? आज थापल्या तर या उन्हात वाळायला तीन आठवडे. तयार विटा गावात आहेत कुठं?

सदबर्ग बीबी : आहेत.

दवलत : त्या? बीबी, शाळेच्या कुंपणासाठी मागितल्या तेव्हा तुम्ही मला दारातून परत पाठवलं होतं.

सदबर्ग बीबी : कुंपणावाचून कुणी गारठत नाही. नजरनं त्या आपल्या लग्नाच्या खोलीसाठी थापल्या होत्या. खोलीच होऊ दे त्यांची. गोठ्यामागे रचल्या आहेत. काहींवर त्याच्या बोटांचे ठसे आहेत. ती बाजू आत घ्या, म्हणजे पाऊस लागायचा नाही.