पिवळा फ्रॉक

शिंपीकाका – म्हणजे मी मशीन बंद करू म्हणतेस.

भिंगरी – बंद नाही हो काका, यंदा जरा आराम करा. कंपनीनं दुपारच्या खोलीतल्या सगळ्या पोरांना नवे कपडे दिलेत. जुने उसवून पोरांच्या मापाचे करायची कटकटच नाही.

काकू – ह्यांना आराम देऊ नकोस बाई. दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसत बसतील.

शिंपीकाका – बघू एक. हं, कापड बरं आहे. आणि छातीवर हे काय, ताटाएवढं?

भिंगरी – कंपनीचं नाव. रविवारी साहेब येणार, पोरांनी हेच घालून फोटोला उभं राहायचं. त्या बदल्यात वर्षभर दूध देतो म्हणालेत.

शिंपीकाका – मोठ्या ताई असत्या तर…

भिंगरी – तर मला फैलावर घेतलं असतं, ठाऊक आहे. पण ताई गेल्या आणि खोली माझ्या गळ्यात घालून गेल्या. शाळा सुटली की ज्यांच्या घरी कुणी नसतं ती पोरं माझ्या दारात येतात, आणि उपाशी येतात. हल्ली दुधात पाणी घालून वाढते मी काका. वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

काकू – चहा घे आधी. निवतोय.

शिंपीकाका – हे कपडे घालून पोरं उद्या बाहेर जाणार. मग दानाचे कपडे कुणाच्या अंगावर आहेत, ते अख्ख्या गावाला लांबून वाचता येईल.

भिंगरी – मग आम्ही काय घालत होतो? ताईंनी दिलेलेच ना? पण आमच्या वेळी नवे असायचे, म्हणून कुणाची बोलायची टाप नव्हती. माझा तो पिवळा फ्रॉक आठवतो, गोल कॉलरचा? काय मिरवले होते मी. डॉक्टरांची मुलगी, नाकाच्या शेंड्यावर राग असायचा तिच्या, तीसुद्धा माझ्यामागे लागली होती, कुठून घेतलास म्हणून.

काकू – तिला बिचारीला काय माहीत, तिचाच तो.

(कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

शिंपीकाका – तुझ्या पोटात काही राहील तर शपथ.

भिंगरी – तिचाच म्हणजे काय काकू?

काकू – आता सांगून टाकते. पोर चाळिशीची झाली, अजून किती दिवस लपवायचं? तुझ्याआधी एक मुलगी यायची खोलीत. ताईंनी कुणाकडून तरी आलेला झगा तिला दिला. शाळेत एकीनं बाहीवरचा शाईचा डाग ओळखला आणि भर वर्गात म्हणाली, हा माझा आहे. दुसऱ्या दिवशी पोरीनं झगा घडी करून खोलीच्या पायरीवर ठेवला, आणि गेली ती गेलीच. ताई गल्लोगल्ली शोधत फिरल्या तिला. सापडली नाही.

शिंपीकाका – मग ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, आलेला कपडा आला तसा या घरातून बाहेर जाता कामा नये. तेव्हापासून तेच. कॉलर बदल, बटणं बदल, बाह्या आखूड कर. तुझा फ्रॉक पांढरा होता, चौकोनी गळ्याचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेला.

काकू – आणि रंगवला मी. हातांचा पिवळा रंग जाता जाईना.

भिंगरी – पण तो दुकानाच्या कागदात गुंडाळलेला होता. मी स्वतः उघडला.

शिंपीकाका – कागद मी आणायचो, कापडवाल्याकडून मागून. पुडा पोरानंच सोडायचा, हा ताईंचा हट्ट.

भिंगरी – अगं आई गं. आणि मी त्या मुलीला तोऱ्यात सांगितलं, आईला घेऊन दुकानात जा, मिळेल तुलाही.

काकू – गेलीच ना ती. दुकानात मिळाला नाही, तशा डॉक्टरीणबाई लेकीला घेऊन इथेच आल्या, पिवळा फ्रॉक कुठे मिळतो म्हणून विचारायला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, तो शेवटचाच होता गं, संपले आता. आणि निघून गेल्या. पुढे दरवर्षी कपडे पाठवत राहिल्या, पण शब्दानं कधी काही बोलल्या नाहीत.

भिंगरी – आणि मी त्या फ्रॉकात मान ताठ ठेवून चालत होते. घरी कुणी नव्हतं माझ्या, पण त्या फ्रॉकात असताना ते कधी आठवलं नाही बघा.

शिंपीकाका – त्यासाठीच होता तो.

भिंगरी – साहेबांना सांगते, फोटो रिकाम्या खोलीचा काढा. पोरं मिळणार नाहीत.

शिंपीकाका – आणि दूध?

भिंगरी – दिलं तर दिलं. नाही तर मी दारोदार फिरेन. ताई फिरायच्याच की. मला आपलं वाटायचं, बाईला लोकांशी गप्पा मारायची हौस आहे. काका, हे नाव उसवता येईल?

शिंपीकाका – येईल. पण खूण राहील.

काकू – वर खिसा लावा. कुणाला उभा, कुणाला तिरका. पोरांना खिसे आवडतात.

भिंगरी – मलाही एक सुई द्या काकू.

काकू – देते. आधी डोळे पूस, नाहीतर दोरा ओवता यायचा नाही.