नदीकडून आलेली हाक

पेरीन : दोर सोडा, सरदार! घंटा वाजवू द्या फादरांना!

सरदार ग्वेरां : दोराला हात लावून बघ, मनगटापासून छाटीन.

फादर ओद : ग्वेरां, तलवार खाली घे. भरतीत बुडणाऱ्या या वाळूवर धुकं उतरलं की संत मिशेलच्या मठाची घंटा वाजते. वाट चुकलेला माणूस कुणाकडचा, हे मठानं कधी विचारलेलं नाही.

सरदार ग्वेरां : वाट चुकलेला? सकाळी त्याच वाट चुकलेल्यांनी तोफेनं दरवाजा फोडला, फादर. माझ्या भावाचं डोकं दगडी गोळ्यानं उडालं, पुरायला नुसतं धड आणलंय मी. पायऱ्यांवर इतकं रक्त की माझीच माणसं घसरून पडली. आता ते इंग्रज धुक्यात आंधळे होऊन टोंबलेनच्या खडकावरच्या त्यांच्या तळाकडे पळतायत. मागून भरती येतेय. समुद्र माझं काम करतोय, तर करू दे.

पेरीन : आणि माझा नवरा, जेर्वे? तो हाय ना त्यांच्यात! शिंपल्या वेचताना धरला त्याला. वाटाड्या म्हणून पुढं घातलाय. गळ्यात दोर, दुसरं टोक त्यांच्या नायकाच्या कमरेला. तटावरून या डोळ्यांनी बघितला मी.

सरदार ग्वेरां : एका शिंपलीवाल्यासाठी तीनशे शत्रू सोडू? उद्या परत येतील आणि तुझीच पोरं भाल्यावर नाचवतील.

पेरीन : तुमचा भाऊ असता तिथं, तर?

सरदार ग्वेरां : माझा भाऊ दरवाज्यात मेला!

फादर ओद : ओरडू नका. ऐका, घोडा खिंकाळतोय.

पेरीन : वाळूत रुतला. पोटापर्यंत गेला की असाच ओरडतो.

फादर ओद : माणसंही ओरडतायत. मी घंटा वाजवणार, ग्वेरां. हवं तर मार मला.

सरदार ग्वेरां : मारीन! तुमचे दोन साधू तटावरून उकळतं तेल ओतताना बाण खाऊन मेले. तेव्हा खालचे वाटसरू नव्हते वाटतं?

(दूरवरून, धुक्यातून एक पुरुषी आवाज : "ऊऽऽला!")

पेरीन : जेर्वे! जिवंत हाय माझा जेर्वे!

सरदार ग्वेरां : काय ओरडतोय तो?

पेरीन : आम्हा शिंपलीवाल्यांची हाक. पुढचा माणूस पाय रोवून बघतो. वाळू घट्ट लागली तर लांब हाक, म्हंजे माझ्यामागून या. फसवी लागली तर दोन तुटक, हो! हो! पोर चालायला लागलं की आधी हेच शिकवतो आम्ही.

फादर ओद : म्हणजे घट्ट वाट सापडली त्याला. देवाची कृपा!

सरदार ग्वेरां : कसली कृपा! सुटले की सगळे!

पेरीन : थांबा. कुठून आली हाक?

सरदार ग्वेरां : डावीकडून. नदीच्या मुखाकडून.

पेरीन : तिथं घट्ट वाळू नाय.

फादर ओद : धुक्यात चुकला असेल, पोरी.

पेरीन : जेर्वे? डोळे बांधले तरी टोंबलेन गाठेल तो. नदीकडं आमचं कुत्रं पण जात नाय. फादर, खोटी हाक देतोय तो. त्यांना सांगून ठेवलं असणार, लांब हाक ऐकली की बिनघोर या. आमच्यात खोटी हाक देणाऱ्याला कुणी पाणी पाजत नाय. आणि माझ्या जेर्वेनं दिली.

सरदार ग्वेरां : असा एक जरी माणूस सकाळी दरवाज्यावर असता... सोडला दोर. वाजवा, फादर. वाचला तर वाचू दे त्याला.

पेरीन : नको!

फादर ओद : अगं, तूच तर मघापासून...

पेरीन : घंटा वाजली की मठ कुठं, ते कळेल त्यांना. आपण उलटं चाललोय, तेही कळेल. उभ्या उभ्या आतडी काढतील त्याची, आणि माघारी फिरतील.

फादर ओद : आणि नाही वाजवली तर?

पेरीन : तर पाणी.

फादर ओद : तीनशे जीव आहेत, पेरीन. त्यांनाही आया आहेत. मी हात कसे आवरू?

पेरीन : माझे धरा. दोन्ही. घट्ट धरा, फादर, नायतर मीच वाजवीन.

सरदार ग्वेरां : पाणी आलं. पुन्हा हाक दिली त्यानं. अजून लांब गेलाय.

फादर ओद : काय या किंकाळ्या! पोरं आहेत रे ती, आईच्या नावानं ओरडतायत.

सरदार ग्वेरां : थांबल्या. त्याचाही आवाज नाही, बाई. आत चल.

पेरीन : गप बसा जरा. लांब हाकेआधी दम घ्यावा लागतो माणसाला.