उंबरा म्हणजे मी

परत सांगू? पोरी, मागच्या आठवड्यात दोघं येऊन गेले, त्यांना सांगून सांगून माझा जबडा दुखला — आता तू. शहाद्याच्या कॉलेजची ना? सरांनी पाठवलं असेल — कळसाडीला एक म्हातारा आहे, चौथी नापास, पण ती सहाशे चाळीस पानांची कादंबरी बोट ठेवून धडाधड वाचतो. हो, वाचतो. तुझ्या सरांना वीस पानं गेली नाहीत ना? मग ते सर कशाचे? बस त्या खाटेवर — कापसावर नको, कपड्यांना चिकटेल.

पुस्तकाच्या मागं काय छापलंय? 'लेखकाने स्वतः घडवलेली बोली.' घडवली म्हणे! लेखक म्हणजे हेमकांत, माझा चुलतभाऊ, पुण्याला प्रोफेसर — त्याला जन्मात खुरप्याला दांडा बसवता आला नाही, तो बोली घडवणार? ती बोली ह्या घरातली आहे. कमलबाईची, माझ्या बायकोची. लकवा मारला, उजवा हात गेला अन् शब्द सगळे उलटेपालटे झाले — चहाला 'चूल' म्हणायची, सुनेला 'ठेचा' — ते काही फार चुकलं नव्हतं — आणि मला 'उंबरा'. तुझ्या वहीत काय लिहिलंय? 'उंबरा हे परंपरेचं प्रतीक.' खोड ते. उंबरा म्हणजे मी. चुडामण. प्रतीक कसलं, गुडघे दुखतात माझे.

हेमकांतला कुठून मिळाली? कानबाईच्या रोटाला आला होता. तुमच्याकडं श्रावणात बसते ना कानबाई देवी? मग तुला काय सांगायचं — घरातल्या गड्यागणिक सव्वा मूठ गहू दळायचे आणि त्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला घास नाही. आला आणि आठ दिवस राहिला. मी शेतात जायचो, हा वही घेऊन कमलबाईच्या, त्याच्या वहिनीच्या खाटेशी. मला वाटलं, कॉलेजचं काम करतोय, तेवढीच तिला सोबत — मी सुनेला सांगून त्याच्या ताटात पुरण जास्त वाढायला लावलं! रोट खाल्ला भाऊबंद म्हणून, अन् घरातलं बोलणं नेऊन वाटलं साऱ्या मुलखाला. आणि पुस्तक अर्पण कुणाला? पुण्यातल्या मांजरीला. बघ, पहिल्याच पानावर आहे.

मग मी वाचतो कशाला — विचारलं नाहीस, पण तोंडावर दिसतंय तुझ्या. मोठ्यानं वाचलं की कमलबाई बोलते. बस, एवढंच. कापूस वेचायला लागले तेव्हा धरलं, हरभरा निघाला तेव्हा संपलं, परत पहिल्यापासून धरलं. ही तिसरी खेप. फक्त चारशे बारावं पान सोडतो — उघडू नको. उघडलंस? वाच मग. अडलीस ना? आण इकडं. 'उंबरा तडकस, मंग मी दार लावस.' कळलं का? उंबरा रागावतो, म्हणून मी तोंड मिटते. मीच ओरडायचो ना तिच्यावर — नीट बोल, नही ते चूप बस. एकदा नाही, रोज. बसली चूप. मी डॉक्टरला सांगून आलो, वाचा गेली हो बिचारीची. कुठं गेली? मी बांधावर गेलो की हेमकांतच्या वहीत होती.

त्याला कळलं होतं, तेव्हाच. त्यानंतर ती चार महिने जगली — चार महिने! पुण्याहून एक फोन लागत नव्हता? दादा, वहिनी तुला भिते, जरा हळू बोल. एवढंच म्हणायचं होतं. मी काय त्याला खाल्लं असतं? फोन नाही केला. पान लिहिलं.

पुसतोय कुठं, कापसाची कुसं जातात डोळ्यात. चूल प्यालीस ना? मग ऊठ, एसटी जाईल तुझी. दोन वर्षं झाली, रोटाला येत नाही तो, त्याच्या वाटचा मीच खातो, पोट दुखेपर्यंत. मला तिची माफी मागायची होती, ती राहिली, आता राहिलीच. माझी माफी ज्यानं मागायची तो मात्र जिवंत आहे, धडधाकट आहे, अन् माझा नंबर दिसला की फोन कापतो — हेमकांत.